माळ्यावरची हार्ड डिस्क नव्या कॉम्प्युटरला जोडताना

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीतल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला चालल्या आहेत. जागा रिकामी करून द्यायची तारीख जवळ आली की माळे आवरायला निघतात, आणि जादाच्या गाद्या, पितळेची भांडी, गणपतीचं मखर यांच्यामागून एक पिवळट पडलेलं कॅबिनेट बाहेर येतं. 'हा कधीच बंद पडलाय, भंगारवाल्याला देऊन टाकू' असं घरात ठरतं. कॅबिनेट खुशाल द्या. आतली हार्ड डिस्क मात्र त्याआधी काढून घ्या. जुना कॉम्प्युटर बंद पडतो तो बऱ्याचदा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) किंवा मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) गेल्यामुळे. डिस्कवरचा मजकूर तसाच्या तसा असतो.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या काकू असंच एक कॅबिनेट घेऊन आल्या. काका जाऊन सहा वर्षं झाली. निवृत्तीनंतर त्यांनी आपल्या गावाच्या आठवणी टाइप करून ठेवल्या होत्या, प्रिंट कधी काढलीच नव्हती. "सगळं यातच आहे असं म्हणायचे रे. निघेल का काही?" मी म्हटलं, "बघतो काकू, पण आज लगेच नको. दोन दिवस द्या मला." ते दोन दिवस का मागितले ते पुढे येईलच. कॉम्प्युटर कधी उघडला नाही अशा माणसालाही करता यावं अशा बेताने सगळं क्रमाने सांगतो.

सुरुवातीलाच एक गोष्ट मनाशी पक्की करा. ही डिस्क आपण वापरायला जोडत नाही, रिकामी करून घ्यायला जोडतो आहोत. पंधरा-वीस वर्षांची डिस्क कदाचित शेवटचीच फिरणार असते. त्यामुळे तिच्यावर काही लिहायचं नाही, तिची दुरुस्ती करायची नाही, तिच्यावरून कॉम्प्युटर चालू करून बघायचा नाही. तिच्यातलं उचलून दुसरीकडे ठेवायचं, एवढंच काम.

डिस्क कोणत्या जातीची

डिस्क हातात घ्या आणि जिथे केबल लागतात ती कड बघा. कडेला पिनांच्या दोन लांब ओळी दिसत असतील, मध्ये एका पिनेची जागा रिकामी असेल आणि शेजारी चार जाड गोल पिना असतील, तर ती आयडीई. करड्या रंगाचा चपटा पट्टा जिला लागायचा तीच ही. घरोघरच्या कॉम्प्युटरमध्ये साधारण २००५-०६ पर्यंत हीच असायची. पिना अजिबात नसून इंग्रजी एल आकाराच्या दोन खाचा असतील, एक अरुंद आणि एक रुंद, तर ती साटा. साटा २००३ साली आली आणि आजही तीच चालू आहे. अरुंद खाच डेटाची, रुंद खाच वीजपुरवठ्याची. सुरुवातीच्या काही साटा डिस्कना जुना चार पिनांचा पॉवर कनेक्टरही दिलेला असतो. तसा असला तर दोन्हीपैकी एकालाच वीज द्यायची.

लॅपटॉपची डिस्क आकारावरून कळते. डेस्कटॉपची जवळपास दहा सेंटिमीटर रुंद, लॅपटॉपची सात. लॅपटॉपच्या आयडीई डिस्कला बारीक ४४ पिना असतात आणि वीजही त्यांतूनच जाते.

नव्या मदरबोर्डवर आयडीईची जागा शोधत बसू नका. इंटेलने २००६ सालापासूनच डेस्कटॉपच्या नव्या चिपसेटमधून, म्हणजे मदरबोर्डवरच्या मुख्य चिपमधून, आयडीई काढून टाकलं. पुढची काही वर्षं बोर्ड बनवणाऱ्यांनी वेगळी चिप लावून ती सोय चालवली, मग तीही थांबली. म्हणजे आयडीई डिस्क असेल तर कन्व्हर्टर लागणारच. साटा असेल तर दोन वाटा आहेत: यूएसबीने बाहेरून, नाहीतर कॅबिनेटच्या आत. जुनी साटा आजच्या वेगवान साटा पोर्टवर निमूट चालते.

बाजारातून काय आणायचं

दुकानात 'आयडीई-साटा टू यूएसबी कन्व्हर्टर, पॉवर अडॅप्टरसकट' असं मागा. शेवटचे दोन शब्द विसरू नका. लॅपटॉपची डिस्क ५ व्होल्टवर, यूएसबीतूनच चालते. डेस्कटॉपच्या डिस्कची मोटर फिरायला १२ व्होल्ट लागतात आणि ते साध्या यूएसबी पोर्टमधून मिळत नाहीत. अडॅप्टर नसलेला कन्व्हर्टर आणला की डिस्क मुकाट बसते आणि आपल्याला वाटतं डिस्कच गेली. चांगल्या कन्व्हर्टरला तीन तोंडं असतात: मोठं आयडीई, लॅपटॉपचं छोटं आयडीई आणि साटा. अडॅप्टरवर १२ व्होल्ट, २ अँपिअर छापलेलं आहे ना ते बघून घ्या.

ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला गोखले रोड-राम मारुती रोडच्या आसपास किंवा वाशीत सेक्टर १७ च्या बाजूला आधी विचारा. आयडीईचं तोंड असलेला कन्व्हर्टर हल्ली प्रत्येक दुकानात नसतो. नाहीच मिळाला तर मुंबईतला लॅमिंग्टन रोड आहेच. दादरला गाडी बदलून स्लो लोकलने ग्रँट रोडला उतरायचं. पण तिथे जाताना डिस्क बरोबर नेऊ नका. लोकलच्या गर्दीत पिशवी दाराच्या दांड्यावर आपटली तर काय होईल सांगता येत नाही. डिस्कच्या कनेक्टरचा आणि वरच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढून न्या, दुकानदाराला तेवढा पुरतो.

डिस्क साटा असेल आणि कॅबिनेटमध्ये लावायची असेल तर फक्त एक साटा डेटा केबल आणा. वीज एसएमपीएसच्या मोकळ्या साटा वायरने द्यायची. मोकळी वायर नसेल तर चार पिनांवरून साटा करून देणारी छोटी वायर मिळते. तिच्यात एक गोम आहे. ज्या वायरीचं साटा टोक साच्यात ओतून एकसंध केलेलं असतं, ते आतून शॉर्ट होऊन वितळल्याची उदाहरणं बरीच आहेत. ज्याच्या वायरी एकेक करून दाबून बसवलेल्या बाहेरून दिसतात, तसलं टोक घ्या.

आणि ज्यावर कॉपी करायची ती नवी जागा आधी तयार ठेवा. जुनी डिस्क ८० जीबीची असली तर तेवढी मोकळी जागा नव्या कॉम्प्युटरमध्ये किंवा एक्स्टर्नल डिस्कवर हवी. डिस्क फिरायला लागल्यावर जागा शोधत बसणं बरं नाही.

जोडण्याआधीचे दोन दिवस

आपल्याकडच्या हवेत माळ्यावरची वस्तू सुकलेली वाटते, पण असतेच असं नाही. खाडी जवळ, जून ते सप्टेंबर पावसाचा दमटपणा, आणि माळ्यावर वारा नाही. काकूंची डिस्क मी आधी स्वच्छ सुती कापडाने पुसली, झाकण असलेल्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवली आणि दोन दिवस हात लावला नाही. बूट-चपलांच्या खोक्यांत येणाऱ्या त्या पुड्या फेकू नका, अशा वेळी उपयोगी पडतात. डिस्क उन्हात ठेवायची नाही, हेअर ड्रायर मारायचा नाही. एसी खोलीतून दमट खोलीत आणून लगेच चालू करायची नाही. चष्म्यावर येतं तसं बाष्प तिच्यावरही येतं.

मग चांगल्या उजेडात पिना बघा. आयडीईचा पट्टा कधीतरी घाईने ओढलेला असतो आणि एखादी पिन वाकलेली असते. काकूंच्या डिस्कची कोपऱ्याकडची एक पिन जवळजवळ आडवी झाली होती. शिसं काढून टाकलेली ०.५ ची पेन्सिल घ्या. तिच्या टोकाची बारीक नळी पिनेवर अलगद बसते आणि पिन हळूहळू सरळ करता येते. एकदाच सरळ करायची. दोन-तीनदा मागेपुढे केली तर तुटते. पिनांवर हिरवट-पांढरट थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये मऊ ब्रश बुडवून साफ करा आणि पूर्ण वाळू द्या.

आयडीई डिस्कवर आणखी एक बारीक वस्तू असते: जंपर. डेटाच्या आणि विजेच्या पिनांच्या मधल्या जागेत नखाएवढं प्लास्टिकचं टोपण. जुन्या काळी एका पट्ट्यावर दोन डिस्क लावत, त्यातली मुख्य कोण आणि दुय्यम कोण ते त्यावरून ठरायचं. कन्व्हर्टरला एकटी डिस्क लावताना जंपर 'मास्टर'वर हवा. कुठे बसवायचा त्याची आकृती डिस्कच्या लेबलवरच असते. लेबलवर 'सिंगल' असा वेगळा प्रकार दिला असेल तर तो निवडा. त्यात बहुधा जंपर काढूनच टाकायचा असतो. सगळं बरोबर जोडूनही डिस्क दिसत नाही, अशा तक्रारीचं कारण कितीतरी वेळा हे एवढंसं टोपण निघतं. काढलेला जंपर चिकटपट्टीने डिस्कच्याच अंगाला लावून ठेवा.

यूएसबीने जोडायचा क्रम

डिस्क लाकडी टेबलावर, जाड वर्तमानपत्रावर आडवी ठेवा, हिरव्या सर्किट बोर्डाची बाजू खाली. खाली धातूचं काही नको. टेबल हलणारं नको. घरात लहान मुलं असतील तर खोलीचं दार लावून घ्या. फिरत्या डिस्कला बसलेला एक धक्का पुरतो.

कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून अंगातला स्थिर विद्युतभार उतरवा, मग डिस्कला हात लावा. आधी कन्व्हर्टरचं डेटाचं तोंड बसवा. आयडीईमध्ये मधल्या रिकाम्या जागेचं भोक बुजवलेलं असतं, वरच्या कडेला खाचही असते, त्यामुळे ते एकाच बाजूने बसतं. जोर लावावा लागत असेल तर बाजू चुकली आहे. मग विजेचं तोंड. चार पिनांच्या प्लगचे दोन कोपरे कापलेले असतात, ते डिस्कवरच्या कोपऱ्यांशी जुळवा. हा प्लग उलटा घातला आणि जोर केला तर तो बसूही शकतो, आणि तसं झालं की १२ व्होल्ट ५ च्या जागी जाऊन डिस्कचं सर्किट जळतं. लाल वायर ५ व्होल्टची, पिवळी १२ व्होल्टची, दोन काळ्या अर्थिंगच्या.

आता अडॅप्टर भिंतीतल्या प्लगला लावा, बटण दाबा आणि कान द्या. निरोगी डिस्क 'सूं' करत वेग घेते, वर कुठेतरी एक-दोनदा 'खट-टिक' करते आणि मग एका सुरात फिरत राहते. हा आवाज ऐकलात की निम्मं काम झालं. दहा-पंधरा सेकंद थांबून मग यूएसबी कॉम्प्युटरला जोडा, शक्यतो कॅबिनेटच्या मागच्या बाजूच्या पोर्टला. ती थेट मदरबोर्डवर असतात. पुढची पोर्ट आत वायरीने जोडलेली असतात आणि कधी कधी दगा देतात.

ठराविक अंतराने 'टक्... टक्... टक्...' असा आवाज येत असेल तर लगेच बंद करा. पाहू या थोडा वेळ, असं म्हणू नका. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

वीज गेली तर काय, हाही विचार आधीच करा. महावितरणची वीज ठाण्यात चांगली असते, पण पहिल्या वळवाच्या पावसात तासभर जातेच. कॉम्प्युटर आणि डिस्कचा अडॅप्टर दोन्ही यूपीएसवर घ्या.

कॅबिनेटच्या आत लावायची असेल तर

हे फक्त साटासाठी. बरीच मोठी, धडधाकट डिस्क असेल तर आत लावणं जलद पडतं. बाकी वेळी मी यूएसबीच सुचवेन.

आधी एक खबरदारी, जी फार लोक घेत नाहीत. विंडोज ११ च्या नव्या कॉम्प्युटरमध्ये डिस्क एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद ठेवणं, बऱ्याचदा आपोआप चालू असतं. बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) काही बदललं की पुढच्या वेळी तो ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. कॅबिनेट उघडण्याआधीच ती शोधून कागदावर उतरवून ठेवा.

कॉम्प्युटर शटडाउन करा, मागचा स्विच बंद, वायर काढा, मग पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाईल. डावीकडचं झाकण उघडा. डिस्कसाठी खण असेल तर त्यात चार स्क्रू लावून बसवा. हल्लीच्या लहान कॅबिनेटमध्ये खणच नसतो. तात्पुरत्या कामाला पुठ्ठ्याच्या खोक्यावर डिस्क ठेवून वायरी आत नेल्या तरी चालतं. डेटा केबलचं एक टोक डिस्कला, दुसरं मदरबोर्डवरच्या साटा पोर्टला. काही बोर्डांवर एम.२ नावाच्या चपट्या जागेत एसएसडी (फिरती तबकडी नसलेली नवी डिस्क) बसवली की एखाद-दोन साटा पोर्ट आपोआप बंद होतात. डिस्क दिसली नाही तर दुसऱ्या पोर्टला लावून बघा.

विजेच्या वायरबद्दल मात्र मी स्वतः गमावून शिकलो आहे. सुटणाऱ्या वायरींचा एसएमपीएस असतो ना, त्याची एक साटा वायर मला कमी पडत होती. जुन्या, दुसऱ्या बनावटीच्या एसएमपीएसची वायर कपाटात होती. प्लग हुबेहूब तोच, अगदी चपखल बसला. बटण दाबलं आणि कॅबिनेटमधून जळक्या प्लास्टिकचा बारीकसा वास आला. एसएमपीएसच्या टोकाला कोणत्या पिनेत किती व्होल्ट, याचं कोणतंही ठरलेलं प्रमाण नाही. प्रत्येक बनावटीत ते वेगळं. माझ्या बहिणीच्या लग्नाचे फोटो त्या डिस्कवर होते आणि दुसरी प्रत नव्हती. सुटणाऱ्या वायरी त्या-त्या एसएमपीएसबरोबर आलेल्याच वापरा, हे मी भेटेल त्याला सांगतो.

कॉम्प्युटर चालू झाल्यावर काळ्या स्क्रीनवर डिस्क तपासण्याची सूचना आली तर कोणतीही कळ दाबून ती टाळा. ती तपासणी डिस्कवर लिहिते. आणि विंडोज नेहमीसारखं न येता अडकलं तर बायोसमध्ये जाऊन बूटच्या क्रमात तुमची नवी एसएसडी पहिली आहे ना तेवढं बघा. साटाच्या मोडला हात लावू नका.

स्क्रीनवरचे प्रश्न

माझ्या पाहण्यात सर्वांत जास्त नुकसान इथे झालंय, वायरींमध्ये नव्हे. डिस्क जोडल्या जोडल्या विंडोज काहीबाही विचारतं आणि माणूस सवयीने 'ओके' दाबतो.

'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?' याला कॅन्सल. 'डिस्क इनिशियलाइज करा' यालाही कॅन्सल. इनिशियलाइज केलं की डिस्कवरच्या पार्टिशनांचा (सी, डी अशा कप्प्यांचा) जुना नकाशा पुसून नवा लिहिला जातो. 'स्कॅन अँड फिक्स' असं आलं तर न तपासता पुढे जायचं निवडा. डिस्क ओळखली गेली नाही तर दोष जंपरचा असेल, अडॅप्टरचा असेल, पोर्टचा असेल. आधी ते तपासा. फॉरमॅट हे कशाचंच उत्तर नाही.

सगळं ठीक असेल तर फाइल एक्स्प्लोररमध्ये एक-दोन नवी ड्राइव्ह अक्षरं दिसतील. नाही दिसली तर स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा. खालच्या पट्ट्यांमध्ये जुनी डिस्क आकारावरून ओळखा. ८० जीबीची डिस्क तिथे ७४.५ दिसेल, त्यात चूक नाही. कंपनी दशमान पद्धतीने मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. पार्टिशन दिसतंय पण अक्षर नाही, असं असेल तर त्यावर राइट क्लिक करून 'चेंज ड्राइव्ह लेटर' मधून एखादं मोकळं अक्षर द्या. 'ऑफलाइन' लिहिलं असेल तर डिस्कच्या नावावर राइट क्लिक करून ऑनलाइन करा. याहून जास्त काही या खिडकीत करायचं नाही. तिथे तुमची नवी डिस्कही आहे.

फोल्डर उघडताना 'तुम्हाला परवानगी नाही' आलं तर 'कंटिन्यू' दाबा. जुन्या विंडोजमधलं तुमचं नाव नव्या विंडोजला माहीत नसतं, म्हणून ते विचारतं. तरीही अडलं तर उबंटू किंवा लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन, इन्स्टॉल न करता त्यावरून कॉम्प्युटर चालू करा; लिनक्स त्या परवानग्या बघत बसत नाही. फाइलींची नावं हिरव्या रंगात दिसली तर मात्र त्या विंडोजनेच कुलूपबंद केलेल्या आहेत, त्यांना जुन्या खात्याचं सर्टिफिकेट लागेल.

फाइली कुठे असतात

एक्सपीच्या डिस्कवर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज', त्यात माणसाच्या नावाचं फोल्डर, त्यात 'माय डॉक्युमेंट्स' आणि 'डेस्कटॉप'. विंडोज ७ ची असेल तर 'यूजर्स'. डी ड्राइव्ह बघायला विसरू नका. आपल्याकडे फोटो आणि गाणी तिथेच ठेवायची पद्धत होती. दुकानाचे किंवा सोसायटीचे हिशेब असतील तर टॅलीचं पूर्ण फोल्डर उचला, त्यातल्या सुट्या फाइली नव्हे.

व्ह्यू मेनूतून 'हिडन आयटम्स' आणि 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' दोन्ही चालू करा. सायबर कॅफेच्या काळात पेन ड्राइव्हमधून पसरलेले व्हायरस खरी फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाची फोल्डरसारखी दिसणारी फाइल तिथे ठेवायचे. चित्र फोल्डरचं, पण नावाच्या शेवटी ईएक्सई. तिच्यावर डबल क्लिक करू नका. शेवटी ईएक्सई असलेलं काहीच कॉपी करायची गरज नाही, जुनी सॉफ्टवेअर अशी उचलून चालतही नाहीत.

कॉपी करताना आधी ते घ्या जे दुसरीकडे कुठेच नाही. काकूंच्या डिस्कवरून मी पहिल्यांदा काकांचं एक फोल्डर घेतलं, जेमतेम ४ एमबीचं. मग फोटो. सिनेमे आणि गाणी शेवटी, राहिली तरी चालतील. यूएसबी २ च्या कन्व्हर्टरवर सेकंदाला साधारण ३० एमबी वेग मिळतो, म्हणजे भरलेली ८० जीबीची डिस्क पाऊण तासात व्हायला हवी. बारीक बारीक फाइली असल्या की दोन-तीन तासही लागतात. डिस्क हाताला फार गरम लागली तर तिच्यावर टेबल फॅनचा वारा सोडा.

आता एक गोष्ट जी मराठी माणसाच्याच वाट्याला येते. काकांची वर्डची फाइल उघडली तर पानभर इंग्रजी अक्षरं, कंस, पौंडाची खूण, कुठे प्रश्नचिन्ह. काकूंचा चेहरा उतरला, "खराब झालं का रे सगळं?" काहीही खराब झालं नव्हतं. युनिकोड घरोघर पोचण्याआधी मराठी टाइप व्हायचं ते श्री-लिपी, आयएसएम, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये. त्यात आतली अक्षरं इंग्रजीचीच असतात, फक्त फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. तो फॉन्ट नव्या कॉम्प्युटरमध्ये नसला की रूप जातं. म्हणून जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरमधलं 'फॉन्ट्स' हे सगळं फोल्डर आवर्जून कॉपी करा. मग फाइल उघडा, मजकुरावर क्लिक करा, वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत नाव दिसेल. कॉपी केलेल्यांतून त्या नावाचा फॉन्ट शोधून राइट क्लिक, इन्स्टॉल. वर्ड बंद करून परत उघडा. काकूंच्या समोर ती खिडकी पुन्हा उघडली तेव्हा पहिल्याच ओळीत त्यांच्या सासरच्या घराचं, मागच्या दारच्या पाटाचं वर्णन होतं. त्या उभ्या होत्या, त्या खुर्ची ओढून बसल्या आणि वाचत राहिल्या.

असा मजकूर कायमचा वाचता यावा म्हणून लगेच पीडीएफ करा. युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार तपासून घ्यावे लागतात, ते सवडीने.

डिस्क आजारी असेल तर

डिस्क टकटक करते, मध्येच गायब होते, एका फोल्डरवर कॉपी तासन्‌तास अडकते. अशा वेळी थांबा. डिस्क जितकी फिरेल तितकं नुकसान वाढतं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची तब्येत सांगतं. त्यात ०५, सी५ आणि सी६ या ओळींपुढे शून्य नसेल तर डिस्कचे काही भाग वाचता येईनासे झाले आहेत. तेव्हा चेकडिस्क, म्हणजे विंडोजची डिस्क तपासून दुरुस्त करायची सोय, चालवू नका. डिस्क फिरते आहे पण कुठेकुठे अडखळते, एवढंच असेल तर लिनक्सवरच्या डीडीरेस्क्यूने आधी पूर्ण डिस्कची प्रतिमा, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, उतरवून घ्यावी आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतिमेवर करावेत. हे जमणारा कोणी ओळखीत असेल तर त्याला बोलवा.

टकटक करणारी डिस्क घरी बरी होत नाही. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला अजून लोक देतात; आपल्या हवेत बाहेर काढल्याबरोबर तिला आतबाहेर घाम फुटतो. झाकण उघडू नका, वाचणारी सुई तबकडीपासून केसाहूनही कितीतरी कमी अंतरावर तरंगते आणि धुळीचा कण तिथे मावत नाही. तशाच डिस्कचा हिरवा बोर्ड काढून लावणंही सहसा चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची माहिती तिच्या बोर्डवरच्या चिपमध्ये असते. मजकूर खरंच मोलाचा असेल तर क्लीन रूम (धूळ नसलेली खोली) असलेल्या डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या, आणि पैसे तपासणीचे की डेटा निघाल्याचे, हे आधी लेखी घ्या.

कॉपी झाल्यावर

स्क्रीनच्या खाली घड्याळाशेजारच्या ट्रेमधल्या खुणेवरून 'सेफली रिमूव्ह' करा, यूएसबी काढा, अडॅप्टर बंद करा आणि डिस्कचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत, अर्धा मिनिट तरी, तिला उचलू नका.

मग कॉपी केलेल्यांतल्या दहा-वीस फाइली खरोखर उघडून बघा. नाव आणि आकार दिसतो म्हणून फाइल चांगली असेलच असं नाही. दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर करा आणि ती वेगळ्या घरी ठेवा. काकूंची एक त्यांच्याकडे आहे, एक ऐरोलीला त्यांच्या मुलीकडे.

जुनी डिस्क लगेच टाकू नका, वर्षभर राहू द्या. स्थिर विजेपासून वाचवणाऱ्या पिशवीत घालून, मार्करने 'कॉपी झाली' आणि तारीख लिहून ठेवा. द्यायची वेळ आली तर क्विक फॉरमॅट पुरत नाही, त्याने फक्त यादी पुसली जाते. फॉरमॅटच्या खिडकीतली क्विकची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा, म्हणजे सगळीकडे शून्यं लिहिली जातात. ते करताना ड्राइव्ह अक्षर तीनदा वाचा. त्यानंतर ती भंगारवाल्याच्या हातगाडीवर न टाकता अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. काकूंनी त्यांची डिस्क अजून दिलेली नाही. भाड्याच्या घरात सामान लावताना ती त्यांनी काकांच्या चष्म्याच्या डबीशेजारी ठेवली आहे.